उत्तर माहीत नसलेले प्रयोग

शाळेत विज्ञानाचा कार्यक्रम करायचा म्हटलं की मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, किती मुलं बसवू?" पाचवीपासून दहावीपर्यंत सगळी शाळा एकदम सभागृहात आणून बसवायची त्यांची तयारी असते. हेतू चांगलाच असतो. एका वर्गाला कार्यक्रम मिळाला आणि शेजारच्या वर्गाला नाही, तर पालकांपासून शिक्षकांपर्यंत सगळ्यांचं ऐकून घ्यायला तेच सापडतात.

भरल्या सभागृहातले कार्यक्रम मी पुष्कळ केले. द्रवरूप नायट्रोजन हा त्यातला हुकमी एक्का. उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळणारा तो द्रव भांड्यात ओतला की पुढच्या रांगेतली मुलं मागे सरकतात आणि मागच्या रांगेतली उभी राहतात. फुगवलेला फुगा त्यात बुडवला की आकसून चपटा होतो, बाहेर काढला की आपोआप पुन्हा फुगतो. टाळ्या पडतात. पुढे कधी तीच मुलं भेटली की सांगतात, "मॅडम, तो धूर भारी होता!" तो धूर नसतोच. नायट्रोजन वायू डोळ्यांना दिसत नाही. पांढरं दिसतं ते हवेतल्याच बाष्पाचे गारठून झालेले बारीक थेंब. हे मी दर वेळी सांगायचे आणि दर वेळी ते टाळ्यांच्या आवाजात वाहून जायचं.

चमत्कृतीला माझा विरोध नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळातल्या व्याख्यानांची प्रथा १८२५ साली सुरू झाली. मायकेल फॅरेडेने त्यातल्या १९ व्याख्यानमाला स्वतः दिल्या आणि ऐकणाऱ्यांना खिळवून ठेवण्यात त्याचा हात धरणारे थोडेच होते. पण त्याच्या सगळ्यांत गाजलेल्या मालेचा विषय होता मेणबत्ती. मूल घरी गेल्यावर तीच वस्तू पेटवून व्याख्यानात ऐकलेलं खरं की खोटं हे बघू शकत होतं. माझा नायट्रोजनचा डबा मात्र माझ्याबरोबर गाडीत बसून परत यायचा.

म्हणून मी एका वेळी एकच वर्ग मागायला लागले, तोही सलग दोन तासांसाठी. हे मिळवणं दिसतं तितकं सोपं नाही. मुख्याध्यापक हो म्हणतात, पण खरी चावी असते वेळापत्रक लावणाऱ्या शिक्षकांकडे. त्यांच्याशी आधी बोललं नाही तर कार्यक्रमाच्या दिवशी नेमका दुसरा तास चाचणी परीक्षेला गेलेला असतो. नव्याने अशा कार्यक्रमांत पडणाऱ्यांना मी प्रयोगांची यादी नंतर देते, हे आधी सांगते.

वर्गात चार-चार, पाच-पाच जणांचे गट. साहित्य शाळेतच सापडेल असं: दोरा, दगड, पट्टी, घड्याळ. पहिला प्रयोग लंबकाचा, कारण तो सगळ्यांना येतो असं सगळ्यांनाच वाटतं. २५ सेंटिमीटर लांबीच्या लंबकाला एक पूर्ण झोका घ्यायला जवळजवळ एक सेकंद लागतो, म्हणजे दहा झोक्यांना १० सेकंद. हे आठवी-नववीतल्या हुशार मुलांना पुस्तकातल्या सूत्रावरून काढता येतं, आणि गोम तिथेच आहे. एका गटाच्या वहीत मला १०.० सेकंद लिहिलेलं दिसलं. खाली खोडलेलं १०.६ पुसट वाचता येत होतं. शेजारच्या गटातही तेच. मुलांनी मोजलं प्रामाणिकपणे होतं. पुस्तकाशी जुळत नाही म्हटल्यावर त्यांनी मोजणीला चूक ठरवलं, आणि तेही कोणी न सांगता.

खरी गंमत त्या खोडलेल्या आकड्यात होती. मुलांनी दोरा गाठीपर्यंत २५ सेंटिमीटर मोजला होता. दगड मात्र गाठीच्या खाली लोंबकळत होता आणि त्याचा मध्य आणखी तीन सेंटिमीटर खाली होता. लंबकाची लांबी टांगलेल्या वस्तूच्या मध्यापर्यंत धरायची असते. ती २८ सेंटिमीटर धरली की दहा झोक्यांना बरोबर १०.६ सेकंद येतात. म्हणजे दगड खरं बोलत होता आणि मुलांनी त्याला गप्प केलं होतं.

तो तास संपताना माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. ज्याचं उत्तर पुस्तकात छापलेलं आहे असा प्रयोग मुलं करतच नाहीत. ती उत्तर जुळवतात. आपण शाळेत जाऊन तेच प्रयोग जास्त झगमगीत करून दाखवले, तर उत्तर जुळवायचं काम आपण जरा मजेदार करतो, इतकंच. त्यानंतर कार्यक्रम आखताना मी एकच चाळणी लावत आले: या प्रयोगाचं उत्तर खोलीतल्या कोणालाही, मलासुद्धा, आधीपासून माहीत नसावं.

असे प्रयोग शोधायला फार लांब जावं लागत नाही. पट्टी पकडण्याचा प्रयोग घ्या. एकाने पट्टी उभी धरायची, दुसऱ्याने शून्याच्या खुणेशी बोटं उघडी ठेवायची, पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची. बोटांनी ती कुठे पकडली त्यावरून प्रतिसादाला लागलेला वेळ काढता येतो. १५ सेंटिमीटर पडेपर्यंत साधारण ०.१७ सेकंद जातात, २० सेंटिमीटरला ०.२०, ३० सेंटिमीटरला ०.२५. गणित सोपं आहे, पण तुझा आकडा किती हे कुठल्याही पुस्तकात नाही. त्यामुळे खोडाखोड नाही. उलट भांडणं सुरू होतात, आणि ही भांडणं मला फार आवडतात. "हा आधीच पकडायला लागतो, अंदाजाने!" मग ती लबाडी ओळखायची कशी? एका गटाने ठरवलं की अधूनमधून पट्टी सोडायचीच नाही. जो तरीही मूठ मिटेल तो अंदाजाने खेळतो. दुसऱ्या गटाने डोळे मिटून, "सोड" असा आवाज ऐकून पकडायचा प्रकार काढला. डावा हात, उजवा हात, पहिला प्रयत्न, दहावा प्रयत्न. शेवटी फळ्यावर वर्गातल्या सगळ्यांच्या आकड्यांचा आलेख उभा राहतो आणि सरासरी म्हणजे काय, आकडे विखुरतात म्हणजे काय, हे गणिताच्या तासाला न कळलेलं तिथे कळतं.

प्रश्नांचंही असंच. "कोणाला काही प्रश्न आहेत का?" असं माइकवरून विचारलं की तीनच हात वर येतात, तेही नेहमीचेच. मी कागदाच्या चिठ्ठ्या वाटते, नाव लिहायचं नाही असं बजावते आणि त्या एका खोक्यात जमा करते. फरक लगेच दिसतो. आरशात डावं-उजवं उलट होतं, मग वर-खाली का होत नाही? चालत्या गाडीतून चंद्र आपल्याबरोबर का पळतो? आपल्याला स्वप्नात वास येतो का? यातले काही मला नीट येतात, काहींची उत्तरं देताना अडखळते, काही तर मी त्यांनाच परत करते. आरशाचा प्रश्न मी कधीच सोडवून दाखवत नाही. हातात "उ" हे अक्षर लिहिलेला पारदर्शक कागद देते आणि आरशासमोर उभं करते. कागद आरशाकडे वळवताना आपणच तो डावीकडून उजवीकडे फिरवला, आरशाने काही फिरवलं नाही, हे चार-पाच मिनिटांत कोणीतरी ओरडून सांगतं. तो कागद खालून वर असा उलटून धरून बघायचं मुलांना त्यानंतरच सुचतं.

मुलांचा कार्यक्रम दोन तासांत संपतो. शिक्षक वर्षभर तिथेच असतात. म्हणून कार्यशाळा शिक्षकांसाठी वेगळी, आणि मुलं आसपास नकोत. ही अट मी कधी सोडत नाही. विद्यार्थ्यांसमोर शिक्षकाचं उत्तर चुकलं तर तो पुढे प्रयोगाच्या वाटेला जात नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

कार्यशाळेत मी मेणबत्तीपासून सुरुवात करते. पसरट ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास पालथा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात वर चढतं. हा प्रयोग फार जुना आहे. बायझँटियमच्या फायलो या ग्रीक अभियंत्याने ख्रिस्तपूर्व काळात त्याचं वर्णन केलेलं आहे. स्पष्टीकरण सगळे शिक्षक एका सुरात सांगतात: हवेत एक पंचमांश ऑक्सिजन, तो जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. पाणीही साधारण पाचव्या भागापर्यंत चढलेलं दिसतं. सगळं छान जुळतं.

मग मी काही बोलत नाही. फक्त ग्लास तोच ठेवून आत एकाऐवजी दोन मेणबत्त्या लावायला सांगते, मग तीन, आणि दर वेळी पाण्याच्या पातळीची खूण करायला. ग्लास तोच, म्हणजे ऑक्सिजनही तितकाच. पाणी तितकंच चढायला हवं. ते जास्त चढतं. तीन मेणबत्त्यांना तर चांगलंच जास्त. खोलीतला आवाज कमी होतो. कोणीतरी म्हणतं, ग्लास नीट बसला नव्हता. पुन्हा करा. पुन्हा जास्त. एक बाई ताटलीच्या कडेशी डोळे नेऊन बघत होत्या. त्या म्हणाल्या, "ग्लास ठेवताना बुडबुडे बाहेर जातायत. आणि पाणी मेणबत्ती जळताना चढत नाहीये, विझल्यावर चढतंय." निम्मा प्रयोग त्या एका वाक्यात सुटला होता.

जळती मेणबत्ती ग्लासातली हवा तापवते, हवा प्रसरण पावते आणि काही कडेने निसटते. मेणबत्ती विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. जितक्या मेणबत्त्या जास्त तितकी हवा जास्त तापते, तितकं पाणी जास्त चढतं. ऑक्सिजन खर्च होतो हे खरं, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. वाफ थंड होऊन पाणी होते, कार्बन डायऑक्साइड मात्र इतक्या थोड्या वेळात पाण्यात फारसा विरघळत नाही. शिवाय मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवतच नाही. हवेतलं त्याचं प्रमाण २१ टक्क्यांवरून साधारण १६ टक्क्यांपर्यंत उतरलं की ती विझते. एक पंचमांशाशी जुळलेलं उत्तर हा योगायोग असतो, आणि तो ग्लासाच्या आकारावर अवलंबून असतो.

पण हे सगळं मी लगेच सांगत नाही. आधी विचारते, तुमचा तर्क खरा की खोटा हे मेणबत्ती न लावता तपासता येईल का? हा प्रश्न दिला की शिक्षकांच्या चहाची सुट्टी बुडते. उत्तर एका गटाने काढलंच: रिकामा ग्लास गरम पाण्यात धरून तापवायचा आणि तसाच ताटलीत पालथा घालायचा. ज्योत नाही, जळणं नाही, तरी पाणी चढतं.

अशा वेळी एक ठरलेला क्षण येतो. कोणीतरी ज्येष्ठ शिक्षक हळूच विचारतात, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही चुकीचं शिकवलं?" याला उत्तर देताना मी हार्वर्डची गोष्ट सांगते. १९८७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात पदवीधरांना आणि प्राध्यापकांना, उन्हाळा आणि हिवाळा कशामुळे होतो, असं विचारण्यात आलं. बहुतेकांनी झग्यात उभं राहून आत्मविश्वासाने सांगितलं की पृथ्वी सूर्याच्या जवळ येते तेव्हा उन्हाळा होतो. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर, असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, उत्तर गोलार्धात ऐन हिवाळा असताना. जुलैत ती १५ कोटी २० लाखांवर गेलेली असते. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे. हे ऐकून लोक जरा सैल होतात.

नंतरचा प्रश्न जास्त अवघड असतो आणि तो विचारणारे शिक्षक माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक असतात: "मॅडम, ते ठीक आहे. पण परीक्षेत मुलांनी काय लिहायचं?" याला झटकून टाकणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. असं झटकलं की शिक्षक गप्प बसतो, वही मिटतो, आणि आपण गेल्यावर जुनंच शिकवतो. मी तडजोड सुचवते. जळायला ऑक्सिजन लागतो हे त्या प्रयोगातून शिकवा, ते बरोबरच आहे. एक पंचमांश हा आकडा मात्र त्या प्रयोगातून काढू नका. आकडाच हवा असेल तर लोखंडाची बारीक तार, तिचा पिंजलेला बोळा, ओला करून परीक्षानळीच्या तळाशी कोंबा आणि नळी पाण्यात पालथी उभी करा. तार सावकाश गंजते, गंजताना ऑक्सिजन खाते, आणि उष्णतेची भानगड मध्ये येत नाही. एक-दोन दिवसांत पाणी खरोखरच साधारण पाचव्या भागापर्यंत चढतं आणि तिथे थांबतं. फक्त तार न गंजणाऱ्या स्टीलची नको. तीच बाजारात आधी हाताला लागते आणि मग "प्रयोग होत नाही" असा निरोप येतो.

परीक्षा बदलल्याशिवाय शिकवणं बदलत नाही, हे काही मला सुचलेलं नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने हे फार आधी ओळखलं होतं. तिथे मुलं पुस्तक आणि वही उघडी ठेवून परीक्षा देत आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा असे. तो पुढे शेकडो शाळांत पोचला आणि २००२ साली राज्य सरकारने बंद केला. आमच्यासारख्या दोन तास येऊन जाणाऱ्यांच्या हातात परीक्षा नसते. म्हणून तर शिक्षकाचा तो प्रश्न अवघड आहे, आणि माझ्याकडे त्याचं पुरतं उत्तर आजही नाही.

या कार्यशाळांतून निघालेला, आणि मला सगळ्यांत जास्त घाम गाळायला लावलेला उपक्रम म्हणजे पृथ्वी मोजणं. कल्पना जुनी. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने ऐकलं होतं की सायनी इथे, म्हणजे आजच्या अस्वानजवळ, वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्याच दिवशी अलेक्झांड्रियात सूर्य डोक्यापासून वर्तुळाच्या एक पन्नासांश, म्हणजे ७.२ अंश, कललेला असतो. तेव्हा पृथ्वीचा परीघ या दोन गावांमधल्या अंतराच्या ५० पट. आम्ही दोन शाळा धरल्या, उत्तर-दक्षिण एकमेकींपासून लांब, आणि एकाच दिवशी दोन्हीकडे काठीची सावली मोजून तिच्यावरून सूर्याचा कोन काढायचं ठरवलं.

कागदावर हे अर्ध्या पानाचं गणित आहे. मैदानावर मात्र एकेक गोष्ट अडवायला लागली. आधी वेळ. "बारा वाजता मोजायचं" असं शिक्षकांनी गृहीत धरलं होतं. मुलांनी साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण केली, तर सगळ्यांत आखूड सावली बाराला आलीच नाही. "मॅडम, शाळेचं घड्याळ पुढे आहे!" घड्याळ ठीक होतं. प्रमाणवेळ एका ठरावीक रेखावृत्तावरची असते. त्याच्या पूर्वेला वा पश्चिमेला गेलं की दर अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो. वर पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे सूर्य घड्याळाच्या पुढे-मागे होतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १६ मिनिटं लवकर, फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १४ मिनिटं उशिरा. आखूड सावली शोधणं हाच खरा मार्ग. एवढ्या एका गोष्टीत दोन शिक्षकांनी भूगोलाचा अख्खा धडा शिकवून घेतला.

मग सावलीचं टोक. ते टोक नसतंच, एक धूसर पट्टा असतो. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाची जागा घेतो, म्हणून सावलीची कड पुसट होते. मीटरभर उंचीच्या काठीला ही पुसट जागा सेंटिमीटरभर तरी असते. कोणी तिच्या आतली कड धरतं, कोणी बाहेरची. यावर आम्ही काठीच्या डोक्यावर पुठ्ठा आडवा चिकटवला आणि त्याला बारीक भोक पाडलं. आता सावलीत सूर्याची गोल प्रतिमा पडते आणि तिचा मध्य नेमका सांगता येतो. याच भोकातून सूर्याचा व्यासही मोजता येतो: भोकापासून ३ मीटरवर प्रतिमा सुमारे २८ मिलिमीटरची होते, म्हणजे अंतराच्या एकशे सातव्या भागाएवढी, सूर्य आपल्यापासून त्याच्या व्यासाच्या साधारण १०७ पट लांब आहे, हे त्यावरून निघतं. एक नियम मात्र कडक: सूर्याकडे पाठ करूनच काम करायचं, भोकातून सूर्याकडे बघायचं नाही.

अंतराचा घोळ वेगळाच. एका शाळेने नकाशावरून रस्त्याचं अंतर काढलं होतं. रस्ता वळत-वळत जातो आणि आपल्याला हवं असतं फक्त सरळ उत्तर-दक्षिण अंतर. ते ४०० किलोमीटर निघालं. कोनांतला फरक आला ३.९ अंश. ३६० ला ३.९ ने भागून ४०० ने गुणलं: सुमारे ३६,९०० किलोमीटर.

वर्गात लगेच कुजबुज. पुस्तकात ४०,००० आहे. एका मुलाने वहीत ३.९ चं ३.६ करायला पेन्सिल उचलली, ३.६ घेतलं की बरोबर ४०,००० येतात, हे त्याने मनातल्या मनात उलट गणित करून काढलं होतं. हुशारीच होती ती. त्याच्या बाईंनी त्याचा हात धरला आणि विचारलं, "हे ०.३ अंश कुठून आले असतील ते सांग, मग खोड." उरलेला तास त्या ०.३ अंशांचा झाला. काठी ओळंब्यात होती का? जमीन सपाट होती का? दोन्ही शाळांनी आखूड सावली शोधली की एकीने बारा धरले? काठीला अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तर कोनात किती? मीटरभर काठीला सेंटिमीटरभराची चूक जवळजवळ अर्ध्या अंशापर्यंत जाऊ शकते, म्हणजे ०.३ अंश ही काही मोठी गोष्ट नाही, हे मुलांनी स्वतः काढलं. एका मुलीने सुचवलं की शाळा आणखी लांबच्या निवडल्या तर तेवढीच चूक कमी टोचेल. ते बरोबर आहे, आणि पुढच्या खेपेला आम्ही तसंच केलं.

रात्रीच्या आकाशदर्शनाबद्दल थोडंच सांगते, कारण ते सगळेच करतात. दुर्बिणीच्या रांगेत शंभर मुलं असली आणि प्रत्येकाला अर्धं मिनिट दिलं तर पन्नास मिनिटं जातात, आणि त्यातला निम्मा वेळ दुर्बीण पुन्हा नेमण्यात जातो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. दुर्बिणीत अर्ध्या अंशाएवढं आकाश दिसत असेल तर गुरू दोन मिनिटांत बाहेर निघून जातो. मला जास्त फळलेला प्रकार असा: गुरूचे चार मोठे चंद्र सलग काही रात्री वहीत काढायचे. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने हेच केलं होतं. चांगल्या द्विनेत्रीतूनही ते दिसतात, फक्त ती भिंतीवर वा तिपाईवर टेकवावी लागते. उद्या कुठला ठिपका कुठे असेल हे सांगायला मुलांकडे आधी काहीच नसतं. चार-पाच रात्रींनंतर ती पैजा लावायला लागतात.

अहवालाचा भाग कंटाळवाणा आहे पण टाळता येत नाही. कार्यक्रमाला पैसे देणाऱ्या एका संस्थेचा नमुना माझ्याकडे आहे: लाभार्थी संख्या, छायाचित्रं, अभिप्राय. अभिप्रायाचे कागद वाचणं मी केव्हाच सोडलं. "कार्यक्रम छान होता, पुन्हा व्हावा", सगळ्यांवर तेच. त्याऐवजी मी दोन प्रश्न कार्यक्रमाआधी विचारते आणि तेच काही महिन्यांनी परत, शिक्षकांकडून, माझ्या गैरहजेरीत. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात का, हा त्यातला एक. लगेच विचारलं तर बहुतेक बरोबर लिहितात; काही महिन्यांनी सावली पुष्कळांच्या वहीत परत येते. जिथे मुलांनी स्वतः चेंडू हातात धरून दिव्यासमोर स्वतःभोवती गोल फिरून पाहिलं होतं तिथे ती कमी परतली, असं मला दिसलं. हे काही शास्त्रशुद्ध संशोधन नाही. पण त्यामुळे चंद्राचं चित्रफितीतलं सत्र मी काढून टाकलं आणि चेंडू ठेवले. माणशी खर्च वाढला असं त्या संस्थेने कळवलं, कारण गट लहान आणि संख्या कमी. ते खरंच आहे. पुढच्या वर्षी त्यांनी पैसे दुसरीकडे दिले.

आता शिक्षकांचा एक गट दर महिन्याला जमतो. मी असले तर असते, नसले तरी चालतं. सध्या त्यांचं चाललंय ते विषुवदिनाचं, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या विसाव्या-तेविसाव्या तारखांच्या आसपास, दोन्ही वेळी, सूर्य विषुववृत्तावर असतो तेव्हाचं. त्या दिवशी आखूड सावलीचा कोन म्हणजेच आपल्या गावाचा अक्षांश, दुसऱ्या शाळेची वाटसुद्धा बघावी लागत नाही. ढग आले तर काय, यावर बराच वाद झाला; शेवटी दोन शाळा एकाच दिवशी मोजत असतील तर दिवस कुठलाही चालतो, हे एका शिक्षकाने फळ्यावर सिद्ध करून दाखवलं. सगळ्या शाळांना पाठवायचं सूचनापत्र मी लिहून दिलं होतं. त्यांनी ते दुरुस्त करून परत पाठवलं. भाषा सोपी केली, काठीच्या ओळंब्याचं चित्र घातलं, आणि "परिघाचं उत्तर सुमारे ४०,००० किलोमीटर यायला हवं" ही माझी ओळ काढून टाकली.